वर्णभेदाची एक फ्रेम : १६ पैकी ११ पानं तयार

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनासाठी चाललेली दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरची एक फ्रेम, म्हणजे ए-४ मापाची १६ पानं, आता अकराव्या पानावर आली आहे. मूळ आराखडा थीमॅटिक विभागासाठी, म्हणजे फक्त टपालाच्या साहित्यातून विषय मांडण्यासाठी, होता. तो मोडून काम ओपन विभागात हलवलं, कारण नुसती तिकिटं लावली की फ्रेम प्रिटोरियाची, म्हणजे तिथल्या गोऱ्या सरकारची, बाजू बोलू लागते. टपालखातं राज्यकर्त्यांच्या हातात होतं आणि लढणाऱ्यांची तिकिटं त्या काळात देशात निघणं शक्यच नव्हतं. ओपनमध्ये निम्म्यापर्यंत साहित्य टपालाबाहेरचं चालतं, त्यामुळे पासबुकाची (काळ्यांना सक्तीने जवळ बाळगावं लागणाऱ्या ओळखपुस्तकाची) नक्कल आणि जुना भारतीय पासपोर्टही बसतो. ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ अशी नोंद असलेला पासपोर्ट जुन्या बाजारात अजून सापडतो. १९४६ मध्ये भारताने त्या देशाशी व्यापार तोडला, त्या पानावर तो शोभतो.

पान ३ वर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो योग्यच होता. १९२५ मध्ये आफ्रिकान्स राजभाषा झाली. १९२६ पासून अर्धा, एक आणि सहा पेनीच्या तिकिटांच्या तावात एक तिकीट इंग्रजी, शेजारचं आफ्रिकान्स अशी छपाई सुरू झाली. म्हणून इथे सुटं तिकीट नको, आडवी जोडीच हवी. दोन भाषा शेजारी शेजारी दिसतात. झुलू, खोसा, सोथो कुठेच नाहीत. त्याच पानावर खाली १६ जून १९७६ चं सोवेटो, जोहान्सबर्गजवळची काळ्यांची वस्ती, आहे. काळ्या मुलांच्या शाळांत गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समधून शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध मुलं रस्त्यावर आली, त्यांच्यावर गोळ्या चालल्या. पन्नास वर्षांचं अंतर एका पानावर आणायला ती जोडी पुरते.

जोडी घेताना फसगत होते ती सांध्यात. सुटी झालेली दोन तिकिटं हिंजने (गोंद लावलेल्या कागदी पट्टीने) जोडून ‘जोडी’ म्हणून विकली जातात. मागच्या बाजूने १० पट भिंगाखाली मधले दाते बघा. तिथे हिंजचा तुकडा, गोंदाचा वेगळा थर किंवा दात्यांचे तंतू तुटलेले दिसले तर ती दोन सुटी तिकिटंच, किंमतही तेवढीच द्यायची. वॉटरमार्क तपासायला बेंझिन वापरत असाल तर १९३० नंतरच्या फोटोग्रॅव्हिअर तिकिटांना ते लावू नका, शाई विरघळते. ती तिरप्या उजेडात, काळ्या कागदावर पालथी ठेवून बघावीत.

पान ५ आणि ६ वर १९५२. सरकारने केपला वसाहत करणाऱ्या डच व्हॅन रीबेकच्या आगमनाला ३०० वर्षं झाली म्हणून तिकिटं काढली, आणि त्याच वर्षी २६ जूनला वर्णभेदाच्या कायद्यांविरुद्ध अवज्ञा मोहीम सुरू झाली. आठ हजारांवर सत्याग्रही तुरुंगात गेले. पान ७ त्याहून नेमकं जमलंय: १९३१ चं दोन पेनीचं, प्रिटोरियातल्या सरकारी मुख्यालयाचं म्हणजे युनियन बिल्डिंग्जचं तिकीट. याच इमारतीवर ९ ऑगस्ट १९५६ ला सुमारे २०,००० स्त्रिया पासकायद्याविरुद्ध चालून गेल्या, आणि इथेच १० मे १९९४ ला मंडेला यांनी शपथ घेतली. सरकारी चित्र तेच, अर्थ बदलत गेला. अशी तिकिटं शोधा, फ्रेम त्यांच्यावरच उभी राहते.

पान ९ ते ११ होमलँडची, म्हणजे वर्णभेदी सरकारने काळ्यांसाठी वेगळे काढून ‘स्वतंत्र’ ठरवलेल्या प्रदेशांची. ट्रान्सकाय २६ ऑक्टोबर १९७६, बोफुथात्स्वाना ६ डिसेंबर १९७७, व्हेंडा १३ सप्टेंबर १९७९, सिस्काय ४ डिसेंबर १९८१. चौघांनीही स्वतःची देखणी तिकिटं काढली. दक्षिण आफ्रिकेबाहेर त्यांना कोणी देश मानलं नाही, आणि तिकिटं छापली जायची प्रिटोरियात. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेल्या खोसा माणसालाही ट्रान्सकायचा नागरिक ठरवून त्याचं दक्षिण आफ्रिकन नागरिकत्व काढून घेतलं गेलं, हे तिकिटाच्या सुंदर फुलापानांत कुठेच दिसत नाही. कोरे संच स्वस्त मिळतात म्हणून पान त्यांनी भरू नका; एक संच पुरे. शोधायचं ते खरोखर टपालातून गेलेलं पाकीट: पत्ता हाताने लिहिलेला, उम्टाटा (ट्रान्सकायची राजधानी) किंवा मबाथोचा (बोफुथात्स्वानाची) शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरलेला. कोपऱ्यात नेटका चतकोर शिक्का आणि मागे अख्खा गोंद असेल तर ते संग्राहकांसाठीच रद्द केलेलं तिकीट समजावं. पत्ता नसलेलं प्रथमदिवस पाकीटही त्याच जातीचं.

आता कोकण-मुंबईच्या दमट हवेतली अडचण. इंकजेटची छपाई जुलैत पसरते, म्हणून मजकूर लेझरवर छापून घ्या, आम्लमुक्त कागद १६० ते १७० ग्रॅमचा. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिएस्टरच्या घ्या. माउंट (तिकीट ठेवायचं पारदर्शक वेष्टण) तिकिटापेक्षा चारी बाजूंनी १ ते २ मिलिमीटर मोठा कापा, नाहीतर गोंद घाम धरून चिकटतो.

पान १३ राजकैद्यांना ठेवलेल्या रॉबेन बेटाचं. ‘ड’ या सगळ्यात खालच्या वर्गातल्या राजकैद्याला सहा महिन्यांत एक पत्र, ५०० शब्दांचं. मूळ पत्रं कुटुंबांची आणि अभिलेखागारांची आहेत, विकत मिळाली तरी घेऊ नयेत. तिथे फक्त हस्ताक्षरात ५०० शब्द मावतील एवढा रिकामा चौकोन आखला आहे. पान १४ साठी सोव्हिएत संघाचं १९८८ चं मंडेला तिकीट, १० कोपेकचं, तयार आहे.

अडलंय ते पान १६. २७ एप्रिल १९९४ ला चारही होमलँड पुन्हा दक्षिण आफ्रिकेत विलीन झाली. त्याआधीच्या आठवड्यात त्यांच्यापैकी कुठल्याही टपाल कार्यालयातून गेलेलं, पत्ता असलेलं साधं पाकीट हवं आहे. नोंदणीकृत असेल तर मागचे शिक्के जसेच्या तसे ठेवून, पाण्यात न भिजवता.