डायरीतला आकडा

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या व्यसनमुक्ती ओपीडीत गर्दी ठरलेलीच. इंदुरात राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, जाते, टँकरमधून रंग उडतो आणि त्या धामधुमीत कुणाचा ना कुणाचा पाय घसरतो. पण रामबागेतले काका त्या रांगेत दिसतील असं वाटलं नव्हतं. कानांच्या पाळ्यांमागे गुलाबी रंग तसाच. सोबत काकू.

बसायच्या आधीच त्यांनी खिशातली डायरी टेबलावर ठेवली. रोज एक आकडा लिहिलेला, दारूशिवायच्या दिवसांचा. शेवटचा 1482, त्यावर आडवी रेघ.

"ताई, ठंडाईत भांग होती. पहिल्या घोटालाच कळलं, तरी ग्लास संपवला. म्हणजे आता शून्य."

दारूला त्यांनी हात लावलेला नव्हता. आमच्याकडे भांग ठेक्यावर मिळते, पुष्कळ घरांत तिला कुणी नशा मानतही नाही. मी सांगितलं की मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-5 (2013) या निदानाच्या पुस्तकात व्यसनाची लक्षणं 3 महिने नसली तर सुरुवातीची मुक्ती आणि 12 महिने नसली तर टिकलेली मुक्ती धरतात. तलफ येत राहिली तरी चालते. एका ग्लासानं ते सगळं पुसलं जात नाही.

"पुस्तकाचं ठीक आहे हो," ते म्हणाले. ते 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना जातात. तिथला हिशेब दिवसांचा, आणि आजचा दिवस पार पडला की झालं.

मी फाइल उघडली. दर भेटीला आम्ही विचारतो, बरं होणं म्हणजे काय? पहिल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, 'हात थरथरू नयेत.' तीन महिन्यांनी, 'झोप.' वर्षानं, 'घरात पाकीट लपवावं लागू नये.' दिवसांचा आकडा एकदाही नव्हता. हे माझ्याही आत्ताच लक्षात आलं.

काकू इतका वेळ गप्प होत्या. "पूर्वी दार उघडलं की मी आधी वास घ्यायची. काल यांनी चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, भांग प्यायलोय म्हणून."

काकांनी मान खाली घातली.

"रात्री दारूची आठवण आली?"

"आली."

म्हणून महिनाभर दर आठवड्याला बोलावलं, एक दिवस काकूंनाही. फॉर्मवर 'बरा : होय / नाही' असा रकाना आहे. तो मी कोराच ठेवलाय. डेटा भरणाऱ्या मुलाचा त्यासाठी दोनदा फोन येऊन गेला.