पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरच्या बावीसजणी

वॉशिंग्टनला गेलेला आपला माणूस व्हाइट हाऊस, लिंकनचं स्मारक आणि स्मिथसोनियनची दोन-चार संग्रहालयं उरकून परततो. माझ्या भाचीने यादीच बदलली. "मावशी, आधी हॉवर्ड युनिव्हर्सिटी बघू आणि मग डेल्टा या तिथल्या संघटनेच्या मुली मोर्चात चालल्या त्या रस्त्याने चालू."

शॉ-हॉवर्ड स्टेशनला मेट्रोतून उतरून जॉर्जिया अव्हेन्यूचा चढ धरला. १८६७ साली स्थापन झालेलं, कृष्णवर्णीयांचं हे नावाजलेलं विद्यापीठ टेकाडावर आहे. फाउंडर्स लायब्ररीचा घड्याळवाला मनोरा आणि समोर प्रशस्त हिरवळ. तिला सगळे नुसतं 'यार्ड' म्हणतात. तिथल्या काही झाडांचे बुंधे चक्क रंगवलेले! ज्या त्या विद्यार्थी संघटनेचं झाड आणि रंग ठरलेला.

सोरॉरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींची भगिनी-संघटना, म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पार्ट्या करणाऱ्या कॉलेजच्या पोरी येतात. इथला मामला वेगळा आहे. १९०८ साली हॉवर्डमध्येच अल्फा काप्पा अल्फा ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची पहिली सोरॉरिटी निघाली (कमला हॅरिस हिच्याच सभासद). १९१२ मध्ये तिच्यातल्या काही मुलींना नाव, रंग, चिन्ह सगळंच बदलायचं होतं, कॉलेजच्या चार भिंतींबाहेर काम करायचं होतं. नेली क्वांडर या माजी अध्यक्षा हटून बसल्या. मग १३ जानेवारी १९१३ रोजी बावीसजणींनी डेल्टा सिग्मा थीटा ही वेगळी चूल मांडली. क्वांडरबाईंनीही त्याच महिन्यात जुनी संघटना रीतसर नोंदवून टाकली. फुटीनंतर दोन्ही बाजू भरभराटीला आल्या, हे आपल्याकडच्या मंडळांनी बघून ठेवण्यासारखं आहे.

यार्डात लाल जाकीट घातलेल्या एक आजी भेटल्या. जाकिटाच्या बाहीवर दीक्षेचं वर्ष, छातीवर हत्तीचा ब्रोच. संस्थापकांपैकी फ्लॉरेन्स लेचर यांना हत्ती जमवायची हौस, त्यावरून हत्ती डेल्टांचा झाला म्हणे. आपल्याकडे सोंड डावी की उजवी यावर चर्चा, इथे ती वर हवी! मी विचारलं, "अजून सभासद आहात?" त्या हसल्या. सभासदत्व आयुष्यभराचं असतं. पदवीनंतर गावोगावच्या शाखांत काम सुरू होतं आणि आपसात हाक मारायची ती 'सोरोर', म्हणजे बहीण, म्हणून. यांची शाखा मतदार नोंदणी करते.

ते काम पहिल्यापासूनचंच. संघटना जेमतेम सात आठवड्यांची असताना, ३ मार्च १९१३ला, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, बायकांच्या मताधिकारासाठी पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरून मोठा मोर्चा निघाला. आयोजकांना दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांना दुखवायचं नव्हतं, म्हणून कृष्णवर्णीय बायकांनी शेवटी चालावं असा घाट घातला गेला. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांनी तो धुडकावला आणि त्या आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत घुसल्या. डेल्टाच्या मुली आपला फलक घेऊन चालल्या, बरोबर कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीतल्या मेरी चर्च टेरेल. बघ्यांनी मोर्चेकऱ्यांना ढकललं, शिव्या घातल्या, पोलीस बघत राहिले. शंभरएक माणसं इस्पितळात गेली. १९२० साली बायकांना मताचा हक्क मिळाला खरा, पण दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय बायकांना तो हातात पडायला १९६५ उजाडलं.

दुपारी आम्ही कॅपिटॉलपासून तोच रस्ता धरला. सातव्या रस्त्याच्या नाक्यावर गोल जुळ्या मनोऱ्यांची जुनी इमारत लागते, ६३३ क्रमांकाची. तिला डोरोथी हाइट यांचं नाव आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेच्या त्या चाळीस वर्षं अध्यक्षा होत्या, त्याआधी १९४७ ते १९५६ डेल्टाच्या. त्यांच्या काळात डेल्टाने जॉर्जिया राज्याच्या खेड्यापाड्यांत पुस्तकांची गाडी फिरवली, कारण तिथल्या कृष्णवर्णीय मुलांना वाचनालयाचं दारच बंद होतं. आणि १९५२ मध्ये बाई दिल्लीच्या समाजकार्य महाविद्यालयात शिकवायलाही येऊन गेल्या. हे मला ठाऊकच नव्हतं.

१९८१ मध्ये याच रस्त्यावरून दहा हजार डेल्टा पुन्हा चालल्या. अग्रभागी बर्था पिट्स कॅम्पबेल, मूळच्या बावीसजणींपैकी, वय ९२. आम्ही मात्र ट्रेझरीची इमारत येईपर्यंत सावलीतलं बाकडं हुडकत होतो.