नाव बघून घ्या म्हणे

"मावशी, स्कॅन करायच्या आधी नाव बघत जा. त्यांच्याकडून काही घेऊ नका." विशीतला पोरगा. मुसलमान विक्रेत्यांवर बहिष्कार घाला सांगणारं पत्रक हातात कोंबून पुढच्या गाड्याकडे गेलासुद्धा.

पेरूवाले चाचा काहीच बोलले नाहीत. वजन केलं, वर एक पेरू टाकला. त्यांच्या क्यूआर कोडवर नावाच्या जागी चिकटपट्टी होती. आजची नव्हे, कडा मळलेल्या होत्या तिच्या.

आणि हे कुठे, तर चार हुतात्मा पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर! धनशेट्टी, शिंदे, सारडा आणि कुर्बान हुसेन. चौघंही १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. आम्ही सोलापूरकर ही नावं एका दमात घेतो.

त्या पोरापेक्षा जास्त संताप येतो तो त्याला पत्रकं देऊन पाठवणाऱ्यांचा. त्यांची स्वतःची पोरं कुठल्या चौकात उभी असतात?