साहनींचं झाड आणि नामोसीचा चिखल

फिजीला जाऊन कुणी डोंगर चढतं का, असं सुवातल्या हॉटेलवाल्याने तोंडावर विचारलं. किनाऱ्यावरचे दिवस मजेत गेले होते; पाणी निळं, बिल तगडं, लिहिण्यासारखं दुसरं काही नाही.

सुवाजवळच्या नामोसी या डोंगराळ भागात जायचं होतं ते एका झाडासाठी. अ‍ॅक्मोपाइल साहनियाना, पाइनच्या नात्यातलं शंकुधारी झाड. आपले वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९२० मध्ये न्यू कॅलेडोनियातल्या याच्या भावंडावर मोठा शोधनिबंध लिहिला. पुढे १९४७ मध्ये फिजीतल्या या जातीला त्यांचं नाव दिलं गेलं. या वंशात (genus) जगात आज एवढ्या दोनच जाती उरल्यात. जीवाश्म मात्र अंटार्क्टिका आणि पॅटागोनियात सापडतात! साहनियाना फक्त विती लेवू या फिजीच्या मुख्य बेटाच्या डोंगरांत, तीही अतिसंकटग्रस्त. मोठी झाडं अडीचशेसुद्धा नसावीत.

क्वीन्स रोड सोडला आणि खड्डे सुरू झाले. गिरमिटियांचा, म्हणजे करारावर इथे आणलेल्या भारतीय मजुरांचा वंशज असलेला ड्रायव्हर म्हणाला, "दीदी, एक पेड़ देखे के खातिर एतना दूर?" मी हसून वेळ मारून नेली.

गावात पोचल्यावर लगेच डोंगरावर जाता येत नाही. आधी सेवुसेवु, म्हणजे गावात शिरण्याची परवानगी मागण्याचा विधी. सुवाच्या बाजारातून आणलेली यांगोनाच्या (कावाच्या) मुळांची जुडी पुढे ठेवायची, डोक्यावर टोपी नको, खांद्यावर पिशवी नको, गुडघे सुलूने (कमरेला गुंडाळायच्या कापडाने) झाकलेले. मग चटईवर मांडी घालून बसायचं. तानोआत, म्हणजे लाकडी परातीत, मुळांचा गढूळ कोळ कालवला गेला, करवंटीचा प्याला आला. एकदा टाळी, घटाघट, मग तीन टाळ्या. चव सांगू? पावसात भिजलेल्या मातीची. जीभ बधिर. बाहेर पाऊस थांबेना, प्याला फिरत राहिला, आणि मी मनातल्या मनात चरफडत होते.

पण त्याच बैठकीत मुद्द्याचं कळलं. फिजीतली ८० टक्क्यांहून जास्त जमीन इतौकेई (मूळ फिजीयन) लोकांच्या मतांगालींची, म्हणजे कुळांची. झाड वाचवायचं तर यांनी ठरवायला हवं. पुस्तकात 'अतिसंकटग्रस्त' लिहून भागत नाही. आणि याच डोंगरांखाली तांबं आहे. खाणीसाठी चाचपणी कित्येक वर्षं चालू आहे. एका आजोबांनी विचारलं, "हे साहनी इकडे आले होते का?" नसावेत, म्हटलं. "मग आमच्या आजोबांचं नाव का नाही दिलं?" सगळे खो खो हसले. मीही हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता.

पाऊस ओसरल्यावर एका तरुणाने वर नेलं. घोटाभर चिखल, हाताला लागेल ते मूळ धरत चढायचं. धारेवर तो थांबला आणि साहनियानाचं इथलं नाव घेत म्हणाला, "द्राउताम्बुआ." बारीक खोड, लक्षही जाऊ नये असं. फांदी मात्र जवळून पाहिली: चपटी, बारीक पानं दोन्ही बाजूंना ओळीत, नेच्यासारखी, उलटून धरली की खालून पांढुरके पट्टे. पाइनचे शंकू शोधणाऱ्याची निराशा होईल. मी बुंध्याभोवती रोपटी शोधली. एकही दिसलं नाही. याचंच अभ्यासकांना भय आहे: जुनी झाडं उभी आहेत, पण नवी जवळजवळ उगवतच नाहीत.

खाण झाली तर काय, असं उतरताना त्या तरुणाला विचारलं. तो म्हणाला, घरात दोन मतं आहेत. भावाला नोकरी हवी आहे, आईला नदी.