टोमॅटोचं पाणी

मे महिन्यात ठाण्यात टोमॅटोकडे कोण बघतं? जांभळी नाक्याच्या बाजारात सगळ्यांचे डोळे हापूसच्या पेट्यांवर. पण जुन्नर-नारायणगावकडचा उन्हाळी टोमॅटो याच दिवसांत येतो आणि बहुतेक वेळा स्वस्तही असतो. पाऊस लागला की तोच भाव खायला लागतो. २०२३च्या जुलैत त्यानं किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा घरोघरी पुन्हा चिंच-कोकम निघालं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेकडची मंडळी त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, परसातले टोमॅटो एकदम पिकले की खारा टोमॅटो पाय (pie) करतात, म्हणजे मैद्याच्या पारीत टोमॅटो भरून भट्टीत भाजतात. आपण तो वैशाखातच उरकावा हे बरं.

भाजीवाल्या मावशींना हे पटत नाही. मी पिकलेले वेचायला लागलो की म्हणतात, "मऊ कशाला घेताय दादा? कडक घ्या, आठवडाभर टिकतील." त्यांचंही खरंच आहे. २० किलोच्या क्रेटमध्ये एकमेकांच्या डोक्यावर बसून, घाट उतरून यायचं तर साल जाड आणि अंग भरीव हवंच. पायला मात्र पूर्ण पिकलेला, दाबला तर बोट हलकंसं रुतेल असाच टोमॅटो लागतो. आणि तो फ्रिजमध्ये टाकायचा नाही. गारठ्यानं त्याचा वास मरतो, मग उरतो नुसता लाल रंग.

हा पदार्थ म्हणजे खरं तर पाण्याशी घातलेला वाद आहे. किलोभर टोमॅटोत साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. तसेच चिरून भरले तर तळाच्या पारीचा लगदा होतो. म्हणून जाड चकत्या करायच्या, मीठ भुरभुरायचं आणि चाळणीत अर्धा तास ठेवून द्यायच्या. कोशिंबिरीला मीठ पानं घेताना लावायचं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. इथे तेच मुद्दाम आधी करायचं. खालच्या भांड्यात वाटीभर पाणी सहज जमतं. आई ते बघून म्हणाली, "एवढं पाणी काढायचं तर टोमॅटो आणलास कशाला? वांगं आण की." मी काही बोललो नाही, पण ते पाणी ओतूनही दिलं नाही. टोमॅटोची खरी चव बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात असते. जिभेवर रेंगाळणारं ग्लुटामेट गाभ्यापेक्षा तिथे जास्त असतं, आणि चाळणीतून गळतो तो मुख्यतः हाच भाग.

पारीचं वेगळंच. मैद्यात थंडगार लोणी बोटांनी चुरायचं, बर्फाचं पाणी घालायचं आणि गोळा जेमतेम जमला की थांबायचं. करंजीच्या पिठासारखं कुटायचं-मळायचं नाही. लोण्याचे कण अख्खे राहिले तरच भट्टीत त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होऊन पदर सुटतात. लोणी वितळतं साधारण ३२-३५ अंशांना, आणि मे महिन्यातल्या दुपारी आमचं स्वयंपाकघरही तेवढंच तापलेलं असतं. म्हणजे हे काम पहाटे किंवा रात्री अकरानंतर. लोणी आधी फ्रीझरमध्ये ठेवून किसणीवर किसलं की पुष्कळ सोपं जातं. बाजारातलं पिवळं लोणी खारट असतं, तेव्हा मिठाचा हात आखडता.

पारी ताटलीत बसवून, वर कागद आणि मूठ-दोन मूठ राजमा पसरून २०० अंशांवर आधी एकटीच भाजायची. राजमा नसला तर ती फुगते आणि कडा खाली घसरतात. तो राजमा पुन्हा शिजत नाही. तो वेगळ्या बरणीत ठेवावा, नाहीतर रविवारी कुणीतरी भिजत घालतं.

पुढचं भराभर होतं. तळाला किसलेलं चीज, त्यावर परतलेला कांदा, मग पुसून कोरड्या केलेल्या चकत्या, मिरपूड आणि बेझिल. बेझिलसाठी मॉल गाठायची गरज नाही. फालुद्यातला सब्जा म्हणजे त्याच झाडाचं बी. कुंडीत पेरलं तर उगवतं. त्याच्या जागी तुळस घालू नये, तिचा उग्र वास सगळं ताब्यात घेतो. सर्वांत वर मेयॉनीज आणि चीज कालवून थापायचं. मेयॉनीजवर नाकं मुरडणारे आमच्या घरातही आहेत. त्यांनी वरचा खरपूस थर एकदा खाऊन बघावा, मग बोलावं. १८० अंशांवर पाऊणएक तास.

ओटीजी बंद केला तरी लगेच सुरी लावायची नाही. तासभर तरी निवू द्यायचा, नाहीतर उरलंसुरलं पाणी ताटलीभर पसरतं. आमच्याकडे एवढा धीर कुणालाच नाही. म्हणून मी त्या वेळात जपून ठेवलेलं पाणी काढतो, टोमॅटोची टोकं-देठाकडचे तुकडे शिजवून-गाळून त्यात घालतो, थोडा नारळाचा रस, चिमूटभर साखर, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. मीठ घालावं लागतच नाही. आई सार दोनदा मागून घेते आणि पायचा तुकडा मात्र "अर्धाच दे" म्हणते.