तुम्ही विचारलंत म्हणून: बोटं

"बाई, दुसरी संपत आली, अजून बोटांवर मोजतो हा. तुम्ही काही बोलत कसं नाही?"

पालकसभेत तर विचारताच. बुधवारी नाशिकच्या गंगाघाटावर बाजारात मेथीची जुडी हातात असताना विचारता. एकदा लग्नाच्या पंगतीत विचारलंत, मठ्ठा वाढत होते तेव्हा. दरवेळी मी "येईल हो त्याला" म्हणते आणि सुटते. सुटते म्हणजे पळते. आज नाही पळत.

७ + ५ + ३ घ्या. तुम्हाला ती एक बेरीज दिसते. मुलासमोर दोन असतात, आणि दुसऱ्या बेरजेतली पहिली संख्या पाटीवर कुठेच नसते. सात आणि पाच बारा. आता हे बारा आहेत कुठे? डोक्यात. सहा-सात वर्षांच्या डोक्यात, जिथे शेजारचा पेन्सिलीला टोक करतोय हेही चालू असतं. म्हणून वर्गातली निम्मी मुलं आधी १२ लिहितात आणि त्याच्यापुढे ८. पाच आणि तीन आठ. पाच दोनदा वापरले गेले, कारण पाच समोर दिसत होते आणि बारा दिसत नव्हते. तुम्ही याला वेंधळेपणा म्हणता. मी तीच वही बघते आणि मला वाटतं, जे दिसलं ते त्याने इमानदारीत मिळवलं.

बोटं इथे कामाला येतात. बारा डोक्यात धरायचे, तीन बोटांवर द्यायचे. बोटं काढून घेतली की दोन्ही ओझी डोक्यावर.

"मग आधी सात आणि तीन घे, दहा होतात, त्यात पाच, असं शिकवा की." शिकवते. महिनाभर दहाच्या जोड्याच करतो आम्ही, मणी घेऊन. पण आपल्या भाषेत दहा आणि पाच मिळून पंधरा होतात, आणि 'पंधरा' या शब्दात दहा काही ऐकू येत नाही. एकोणीस तर वीसकडे बघून चालतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा सगळ्यांनी थट्टा केली. मीही केली. पण अकरा ते एकोणीस तसेच राहिले, आणि पहिलीचं मूल अडतं तिथेच.

हे सगळं मला आधीपासून कळत होतं असं समजू नका. नोकरीच्या पहिल्या सात-आठ वर्षांत माझ्या वर्गात बोटांना बंदी होती. बेरजेचा तास सुरू झाला की "हाताची घडी". घडी घातली की बोटं काखेत जातात. तोंडी उत्तर द्यायचं. साहेब तपासणीला आले की माझा वर्ग छान दिसायचा.

त्या वर्गात एक मुलगी होती. दिवाळीपर्यंत बेरजा चोख. सुट्टीनंतर चुकायला लागली, आणि चुकणंही विचित्र. ४ + ३ + २ बरोबर. ८ + ६ + ४ सांगितलं की सतरा. ९ + ५ + ७ सांगितलं की एकोणीस. कधी एकाने कमी, कधी दोनाने. मी ठरवून टाकलं: लहान बेरजा शेजारणीच्या ऐकते, मोठ्या जमत नाहीत, आणि सुट्टीत मामाच्या गावी जाऊन सगळं विसरून आली आहे. तीनदा वहीत लाल शेरा दिला. मग आईला बोलावलं.

आई अंबडला कंपनीत होती. खाडा पाडून आली. मी वर्गातच, मुलांसमोर, वही उघडून तिला चुका दाखवल्या. माझा आवाज चढलेला नव्हता, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मुलीच्या थोबाडीत मारली. मी "अहो, मारू नका" म्हणाले. उशिरा म्हणाले. आई गेल्यावर मी पुढची बेरीज फळ्यावर लिहिली.

डब्याच्या सुट्टीत ती पायरीवर बसली होती. मला वाईट वाटलं म्हणून नव्हे, कोडं सुटत नव्हतं म्हणून मी शेजारी बसले. "सहा मिळवताना काय करतेस गं?"

म्हणाली, "बाई, माझा पाचवा पडला."

तिने तोंड उघडून दाखवलं. बोटांना बंदी, म्हणून ती जिभेने दात मोजायची. वरच्या ओळीत डाव्या बाजूला मागून पुढे पाच दात, म्हणजे एक हात. पुढे उजवीकडचे पाच, म्हणजे दुसरा हात. दिवाळीत समोरचा दुधाचा दात पडला, आणि तिच्या डाव्या हाताची चारच बोटं उरली. चारपर्यंतची संख्या मिळवली की बरोबर. पाच किंवा जास्त मिळवायची वेळ आली की तो हात ती पाचाचाच धरायची आणि दरवेळी एक गळायचा. ८ मध्ये ६ मिळवताना एक गेला, सतरा. ९ मध्ये ५ आणि मग ७, दोन गेले, एकोणीस. तिचं गणित चुकत नव्हतं. दात कमी पडत होता.

आईला मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, एका पोरीच्या दातावरून तू चाळीस जणांची शिस्त सोडलीस. चौथीत २८ + ३७ + १६ बोटांवर करणारी मुलं तुझ्याच हाताखालून गेली आहेत. खरं आहे. दोघं-तिघं आठवतात, त्यांची बोटं मी वेळेवर सोडवायला हवी होती. वेळेवर म्हणजे कधी, विचाराल. मला वाटतं दहाच्या जोड्या पक्क्या झाल्या की बोटं आपोआप गळतात. काहींची गळतात.

एक आजोबा दरवर्षी ऐकवतात, "हे कापरेकरांचं देवळाली आहे, बाई." आहेच. गणितज्ञ द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते, त्यांनी शोधलेल्या ६१७४ या संख्येमुळे जगभर नाव झालं. पण आजोबा, त्यांच्या 'स्वयंभू' संख्या कशा निघतात माहीत आहे? ४७ घ्या, त्यात त्याचेच ४ आणि ७ मिळवा, ५८. ५८ मध्ये ५ आणि ८, म्हणजे ७१. अशा रीतीने ज्या संख्येपर्यंत कुठूनच पोचता येत नाही, ती स्वयंभू. वीस तशी आहे. म्हणजे छोट्या छोट्या संख्या एकापाठोपाठ मिळवणंच की हे. दुसरीच्या मुलांना मी शनिवारी हाच खेळ देते, आणि वीसपाशी कसं पोचायचं म्हणून ती हटून बसतात. बोटांवर.

डोक्यातले बारा हरवू नयेत म्हणून मी अलीकडे एक युक्ती काढली आहे. सात आणि पाच झाले की दोघांच्या डोक्यावर बारीक १२ लिहायचे. मुलं त्याला 'टोपी' म्हणतात. मला वाटलं, आता सुटलं.

गेल्या शुक्रवारी एका मुलाने सुरेख टोपी काढली, सात, पाच, टोपी आणि तीन असे चारही बोटांवर मिळवले आणि पाटी माझ्यासमोर धरली. सत्तावीस.