तांबडी दिसंना गेली

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मायचा फोन. मी इकडं संभाजीनगरला ऑफिसला निघायच्या गडबडीत, एका हातात डबा, एका हातात गाडीची चावी. हॅलोबिलो काही नाही, डायरेक्ट, "तांबडी दिसंना गेली रं."

बाहेरच्या माणसाला वाटेल गाय हरवली, पण आमच्याकडं तांबडी म्हणजे कोंबडी. होळीच्या दिवशी पुरणाची डाळ शिजत होती तेव्हा चुलीपाशी घुटमळत होती, मायनं चार दाणे टाकले ते खाल्ले, आणि तिथून जी गेली ती संध्याकाळी खुराड्यात आलीच नाही. मी म्हणलं, मुंगसानं नेली असंल. माय म्हणली, "मुंगूस दोन पायाचं हाय." एवढं बोलून फोन ठेवून दिला.

झालं असं की धुळवडीला आमच्या जिंतूरकडं घरोघरी मटण नाहीतर कोंबडा असतोच, आणि त्या दिवशी नेमकं शेजारच्या काकूच्या पोरांनी शेतात चूल मांडली होती आणि वारा आमच्या घराकडं होता. मायनं हिशोब जोडला. भांडण नाही केलं तिनं, भांडण परवडलं असतं, तिनं बोलणंच बंद केलं. तीस वर्षं या घरातून त्या घरात विरजणाची वाटी जायची-यायची, ती बंद. काकूला बिचारीला कारणच कळंना.

आता ज्यांच्या घरी गावरान कोंबड्या मोकळ्या फिरतात त्यांना सांगायला नको, की चांगली कोंबडी ती जी अंडी चोरून घालते. म्हणजे आपण म्हणतो चोरून. खुराड्यात मऊ भुसकट टाका, टोपलं ठेवा, फसवायला एक अंडं ठेवा, चार दिवस घालील तिथं, आणि पाचव्या दिवशी तिच्या ध्यानात येतं की इथलं अंडं संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मग ती जागा बदलते. आमच्याकडं आजवर सापडलेल्या जागा सांगतो: तुराट्याच्या ढिगाच्या आत, कडब्याच्या गंजीच्या खालच्या पेंढ्यांत, गुळीच्या, म्हणजे भुश्याच्या, खोलीत अगदी कोपऱ्याला, बंद पडलेल्या पेरणीयंत्राच्या पेटीत, आणि एकदा घरात रचलेल्या कापसावर, जिथं बाबा रोज झोपत होते त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. बाबांना पत्ता नाही. अंडं घालून आल्यावर कोंबडी एवढा कल्ला करते की गावाला कळावं, पण हुशार कोंबडी आधी लांब जाऊन उभी राहते आणि मग ओरडते, म्हणजे आपण ओरडल्याच्या जागी शोधत बसायचं. माझं लहानपण निम्मं ह्यात गेलं. एक अंडं सापडलं की माय आठ आणे द्यायची, आता तेच गावरान अंडं जिंतूरच्या बाजारात 12-15 रुपयाला जातं आणि शोधायला पोरं नाहीत.

ह्या लपण्याला कारण आहे म्हणा. ह्या सगळ्या मूळच्या जंगलातल्या, लाल रानकोंबडी ही हिची मूळ आजी, ती झुडपाखाली जमिनीवर पाचोळ्यात अंडी घालते, दिसली की संपली. आणि गंमत म्हणजे गावरान कोंबडीचे ते पिवळे पाय असतात ना, ते लाल रानकोंबडीचे नाहीतच, ते आपल्या राखी रानकोंबड्याकडून आलेत, सह्याद्रीत असतो तो, हे 2008 साली शास्त्रज्ञांनी जनुकं तपासून सांगितलं. म्हणजे घराणं दोन्ही बाजूनं रानातलं. आणि आपण तिला प्लास्टिकचं टोपलं दाखवतो.

रोज एक, फार तर दिवसाआड एक, अशी दहा-बारा अंडी साठली की मग ती खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. हे खुडूक प्रकरण ज्यानं बघितलं नाही त्याला समजावणं अवघड आहे. चार दिवसापूर्वी तुमच्या हातातून दाणे खाणारी कोंबडी, तिच्या जवळ हात नेला की पंख फुलवून दुप्पट होती आणि घशातून असा आवाज काढती की हात आपोआप मागं येतो. अंगात ताप असल्यासारखी गरम. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडती, ती थेट अंड्याला टेकते. अंडी तर थांबतातच. म्हणून पोल्ट्रीवाल्यांच्या लेखी हा रोगच, त्यांनी निवडून निवडून ही खोड जातीतूनच काढून टाकली. ती पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशे अंडी देते पण बसायचं कसं हे तिला ठाऊक नाही. आमची तांबडी वर्षाला 60-70 देणार, त्यातही दोन-तीनदा संसार मांडणार. बाबा म्हणतात परवडत नाही. माय म्हणते, परवडायला ती काय नोकरीला हाय?

घरी बसवायची आज्जीची पद्धत वेगळी होती. डालग्याखाली टोपलं, टोपल्यात राख आणि कडुलिंबाचा पाला, म्हणजे उवा-पिसवा होत नाहीत, त्यावर भुसकट, अंडी मोजून विषम, अकरा नाहीतर तेरा, आणि कडेला एक गंजका खिळा, वीज कडाडली तर अंडी वाया जाऊ नयेत म्हणून. आणि ज्या कोंबडीला बसू द्यायचं नाही तिला गार पाण्यात बुचकळायचं नाहीतर नाकात तिचंच पीस ओवायचं. ते पीस काढायला ती दिवसभर डोकं झटकत फिरते आणि त्या नादात बसायचं विसरते. मला ते कधी बघवलं नाही, पण आज्जीपुढं कोण बोलणार.

भावानं मागच्या वर्षी मशीन घेतलं, पन्नास अंड्यांचं, ऑनलाइन. साडेसदतीस डिग्री, आपोआप अंडी फिरवतं, बीप वाजतं. आमच्याकडची लाईट कशी असते ते तुम्हाला माहितीय. चौदा पिलं निघाली. त्यातली दोन पायानं अधू. आता ते मशीन कपाटावर आहे आणि त्यात लग्नपत्रिका ठेवतात.

तर पाडवा. पाडव्याला मी घरी गेलो, जालना-मंठा करत एसटीनं, खिडकीतून येणारा वारा म्हणजे नुसती भट्टी. आमच्या घरी गुढी उभारली की बाबा कूलर चालू करतात, हा वर्षानुवर्षाचा शिरस्ता, वर्षाचा पहिला गार वारा पाडव्याला. पत्र्याचा मोठा कूलर, मागच्या खिडकीला स्टँडवर बारमाही उभा, हिवाळाभर त्याला पोतं गुंडाळलेलं. बाबांनी पोतं सोडलं, जुनं गवत बदलायला बाजूची ताटी ओढली, आणि "आयला" म्हणून एकदम मागं सरकले. मला वाटलं साप. मी काठी घेऊन पळालो.

आत, कोरड्या टाकीत, मागच्या वर्षीचं गळून पडलेलं गवत नीट गोल करून त्यात तांबडी. डोळे आमच्यावर, अंग सपाट केलेलं, हलायला तयार नाही. एका ताटीची जाळी खालून फाटली होती, पोत्याच्या आडून ती तिथून आत-बाहेर करत होती. आणि आम्ही सोळा दिवस खिडकीच्या ह्या बाजूला, म्हणजे माय-बाबा, मी कुठला, तिच्यापासून दीड फुटावर बसून जेवत होतो.

माय आली. बघितलं. काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणली, "तरीच म्हणलं हौदापाशी रोज दुपारी ती घाण कोण करायलंय." तेव्हा मला कळलं की पंधरा दिवस ती एका बोक्याला शिव्या देत होती. खुडूक कोंबडी दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं, तेवढ्यात पाणी, चार दाणे, मातीत एक लोळण, आणि दिवसभराचं साठवलेलं एकदम एकदाच, ते इतकं मोठं आणि इतकं वास मारणारं असतं की कोंबडीचं वाटतच नाही. आणि ती उठायची भर दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असतं तेव्हा. मला ह्याचंच जास्त आश्चर्य वाटतं.

मायनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. होळीला दिसली होती, म्हणजे त्या रात्रीपासून बसली, आज सोळा दिवस झाले. पिलं निघायच्या एकवीस दिवसांना पाच कमी. "पंचमीपर्यंत कूलर नाही लावायचा."

बाबा म्हणले, "कोंबडीपायी माणसं मारतीस का?"

"मग उचलून दुसरीकडं ठेव. हात घालून बघ."

बाबांनी हात घालून बघितला. अंगठ्याला अजून खूण आहे.

बरं, उचलून ठेवण्यात खरंच अर्थ नसतो. जागा बदलली की बऱ्याचदा कोंबडी बैठकच मोडते. आणि आमच्या उन्हात अंड्याचं वेगळंच टेन्शन आहे, थंडीत उघडं अंडं आठ दिवस गप पडून राहतं पण चाळीस डिग्रीत ते कोंबडीविनाच अर्धवट फळायला लागतं आणि अर्ध्यातच मरतं, म्हणून मे महिन्यात बसवलेल्या अंड्यातून कमी पिलं येतात. तांबडीनं त्यातल्या त्यात गार जागा शोधली होती, उत्तरेची भिंत, पत्र्यावर पोतं. आता तिला कूलरचा उपयोग कळत होता असं मी म्हणणार नाही. पण बाबा म्हणतात.

पाच दिवस काढले. माणसं ओसरीवर झोपली. मी दोन दिवसाची रजा वाढवली, साहेबांना सांगितलं घरी जरा काम आहे, कोंबडी बसलीय हे सांगायची हिंमत झाली नाही. विसाव्या दिवशी संध्याकाळी खिडकीला कान लावला तर बारीक चिवचिव येत होती, पण पिल्लू एकही बाहेर नव्हतं. अंड्यातूनच बोलतात ती. आणि तांबडी त्यांना उत्तर देत होती, तो पिलंवाल्या कोंबडीचा खोल कुक-कुक आवाज असतो ना तो, कवच फुटायच्या आधीच. माय म्हणली आता हिला कुणी छेडू नका. रात्रभर बाबा दोन-तीनदा उठून टॉर्च घेऊन खिडकीपाशी गेले. लघवीला म्हणे.

तेरा अंडी, अकरा पिलं. एक अंडं पाणी झालेलं, एक आतच मेलेलं. पहिलं पिल्लू वाळून पिवळं गुबगुबीत झालं तरी ती शेवटच्यासाठी बसून राहिली, पिलांना एक-दोन दिवस दाणापाणी नसलं तरी चालतं, अंड्यातला बलक पोटात घेऊनच ती निघतात, म्हणून तर ट्रेमध्ये भरून एका दिवसाची पिलं हैदराबादहून येतात. पण मग खरी अडचण झाली. टाकीचा काठ फूटभर उंच. तांबडी उडून बाहेर, खाली मातीत उकरून पिलांना बोलावते, आणि अकराच्या अकरा पत्र्यावर नखं घासत आतमध्ये कालवा करतात. जागा शोधताना तिनं हा विचार केला नव्हता. शेवटी बाबांनी खांद्यावरची दस्ती पसरली, एकेक पिल्लू त्यात घेतलं आणि खाली सोडलं, तांबडी त्यांच्या पिंढऱ्यांना चोची मारतीय आणि ते तिला म्हणतायत, "थांब की बये, तुपलीच हायती."

त्या दिवशी दुपारी घरात गाडगंभर दही असताना माय काकूकडं विरजण मागायला गेली. तासभर आली नाही. काय बोलली माहीत नाही, माफीबिफी मागायचा तिचा स्वभाव नाही. येताना वाटीत विरजण आणि पदरात पिलांसाठी ज्वारीची कणी होती.

कूलर लावला त्याच रात्री. धुतला, नवीन गवत भरलं, फिनाईल टाकलं, तरी पहिल्या झोतात गार वाऱ्याबरोबर आधी तो खुराड्याचा वास आला आणि मग एक बारीक तांबडं पीस उडत येऊन बाबांच्या ताटात पडलं. बाबांनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि जेवत राहिले.

ही गोष्ट मी ऑफिसात बऱ्याच जणांना सांगितली, सगळे खूश होतात. पण खरं सांगायचं तर अशा गोष्टी परत आलेल्या कोंबड्यांच्याच असतात. ज्या गंजीतच सापाला सापडतात, पहिल्या वळवात अंड्यांसकट भिजतात, मुंगसाला सापडतात, त्यांचं काहीच सांगण्यासारखं नसतं. त्या अकरातली आज चार आहेत. दोन घारीनं नेली, तीन मानमोडीच्या रोगानं गेली, बाकीची कुठं गेली कळलं नाही.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर मायचा परत फोन आला. "काबरी दिसंना गेली."

म्हणलं कधीपास्नं?

"शनिवारपास्नं. कॅलेंडरवर खूण केलीय." काकूच्या पोरांचं नाव तिनं काढलं नाही. तुराट्याचा ढीग बघितला, गंजी बघितली, कूलर तर दोनदा बघितला म्हणे, चालू कूलर बंद करून.

मधे एकदा सोयाबीनच्या फवारणीच्या वेळी घरी जाऊन आलो. कॅलेंडरचं पान उलटलेलं होतं. मागचं पान वर करून बघितलं, शनिवारच्या चौकोनात पेनानं केलेली फुली आणि तिथून एकवीस चौकोन पुढं अजून एक. माय ओसरीवर शेंगा सोलत होती. मी काही विचारलं नाही, ती म्हणली, "जेवायला वाढू का?"